मुळशी पाडायचं, मग कुंडलिकेचं काय?

एकाने विचारलंय, अमेरिकेने २०२४पर्यंत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली, मग आपण पुणे जिल्ह्यातलं टाटांचं वीजनिर्मितीचं मुळशी धरण का पाडू नये? सौर वीज आहेच की.

एक फरक आहे. क्लॅमथच्या त्या चार धरणांतून ना शेतीला पाणी जायचं ना नळाला, होती ती फक्त वीज. मुळशीचं तसं नाही. एरवी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते मुळा नदीचं पाणी बोगद्यातून घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवतं आणि पुढे कुंडलिका नदीत जातं. कोलाडला राफ्टिंग केलेल्यांना माहीत असेल, सकाळी वरून पाणी सोडलं की नदी फुगते, दुपारी तिथेच दगड उघडे. मी दादरहून पहाटे निघूनही उशिरा पोचलो होतो. पैसे गेले आणि धडा मिळाला. रोह्याचे कारखाने, खालची शेती, गावांच्या पाणी योजना याच पाण्यावर आहेत. टाटांच्याच भिवपुरी वीजकेंद्राचं पाणी तसंच उल्हास नदीमध्ये, म्हणजे बदलापूर-अंबरनाथच्या नळांत.

तेव्हा विजेचा हिशेब सोपा, पाण्याचा अवघड. भीमेच्या खोऱ्याचा हक्क मला मान्य आहे, या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१च्या सत्याग्रहात उतरलेल्या मावळ्यांचं दुःखही. पण त्यासाठी भिंत फोडायची गरज नाही. उन्हाळ्यात थोडं पाणी पूर्वेकडे सोडायचं आणि कोकणात तेवढी भर कुठून घालायची, ते आधी ठरवायचं. वॉशिंग्टन राज्यात एल्व्हावरची धरणं २०११मध्ये पाडायला घेतली, त्याआधी खालच्या शहरासाठी जलशुद्धीकरणाची सोय उभी केली होती. आपल्याकडे आधी नारळ फुटतो.