दादांचा स्किझोफ्रेनिया कंट्रोलमध्ये, पण शुगर आणि पोटाकडे कोण बघणार? (नागपूर)

नमस्कार मंडळी, ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी प्लीज सांगा.

आमचे दादा ६७ वर्षांचे, तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया. बरीच वर्षं ओलान्झापिनची गोळी चालू आहे, त्याने नसलेले आवाज ऐकू येणं थांबलं, झोप लागते, बाजारातून भाजी आणतात, म्हणजे त्या बाजूने तक्रार नाही. पण हातपाय काड्या अन् पोट सुटलेलं, उपाशीपोटी शुगर ११८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोनशेच्या वर. सायकियाट्रिस्ट म्हणतात फिजिशियनकडे जा, आणि फिजिशियननी फाइल उघडली की दादांशी बोलतच नाहीत, मला विचारतात. जिना चढताना धाप लागते सांगितलं तर "मनाचं आहे" म्हणून ईसीजी न काढताच वापस पाठवलं. डोकं फिरते बावा.

डब्ल्यूएचओ म्हणते गंभीर मानसिक आजाराची माणसं बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येणाऱ्या शारीरिक आजारांनी. आम्ही घरचे इतकी वर्षं फक्त आत्महत्येलाच भिऊन राहिलो होतो.

तर गोळी बदलून अ‍ॅरिपिप्राझोलचं विचारू का? वजन कमी वाढते म्हणतात, पण बसलेली घडी विसकटली तर? वजनासाठी मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) कोणाला दिलंय का? अन् मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मिहानच्या एम्सला मानसोपचार आणि मेडिसिनची ओपीडी एकाच दिवशी होते का, दादा लाइनीत टिकत नाहीत. बिडी रोज चालू आहे, ती सोडवायचीच आहे.

---

वर्धा रोडवाली ताई: भाऊ, पहिले ईसीजी. धाप लागते तर थांबू नका, गोळीचं नंतर बघू, आणि ती स्वतःहून बंद तर अजिबात नको. कंबर टेपने मोजा, आपल्याकडे पुरुषांची ९० सेमीच्या आत पाहिजे, म्हातारपणी मांस झडते म्हणून नुसता वजनकाटा फसवतो. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), बीपी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एका कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. मेटफॉर्मिन देतात, माझ्या सासूबाईंना दिलं होतं, पण किडनी बघूनच.

बिडीचं मात्र सायकियाट्रिस्टना आधी सांगा. धुरामुळे ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे बिडी एकदम सुटली की तोच डोस जड पडतो, माणूस दिवसभर झोपून राहते. खर्र्याने (तंबाखू-सुपारी) तसं होत नाही, तरी बिडीच्या जागी खर्रा नका देऊ हं. एम्सच्या ओपीडीचं मलाही पाहिजे, कोणी गेलं असेल तर लिहा.