जळगाव-पुणे विमान: हवेत नक्की किती वेळ? (लवकर सांगा)

रावेरकर
जळगाव-पुणे विमानाने अंतर किती आणि प्रत्यक्ष हवेत वेळ किती? एका साइटवर 40 मिनिटं, दुसरीवर सव्वा तास. मॅप 395 किमी दाखवतोय. रविवारचं तिकीट आजच काढायचंय. वडील सोबत आहेत, त्यांना मान सरळ ठेवून फार वेळ बसता येत नाही.

तापीकाठ
395 हे रस्त्याचं, संभाजीनगर-अहिल्यानगर मार्गे. हवेतून सरळ रेघ 320 च्या आसपास. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) ताशी 500 किमीने जातं, म्हणून 40 मिनिटांचा हिशेब. चढणं-उतरणं धरून तासभर समजा. तिकिटावरच्या वेळेत विमान जमिनीवर रांगतं तेही मोजतात.

धुयानं पोऱ्या
भाऊ, पुनाले जानं शे का तठून येनं शे? ते ते सांग आदुगर.

रावेरकर
तिकडून यायचंय. त्याने काय फरक पडतो?

केळीबाग
विमान कशाला? महाराष्ट्र एक्सप्रेसला रात्री पुण्यात बसा, सकाळी भुसावळ. आडवं होऊन येता येतं.

तापीकाठ
म्हाताऱ्या माणसाला रात्रभर रेल्वेत हलवणार? 2012 ला प्रतिभाताईंच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं, विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. आता आलंय तर बसा की.

केळीबाग
आणि ऐनवेळी रद्द झालं की? मी लोहगावहून खासगी बसने आलोय.

नाना_पाचोरा
मानेचा त्रास असेल तर पट्टा लावू नका. मोहरीच्या तेलात लसूण कडकडवून चोळा. माझी मान आठ दिवसांत सुटली.

भरीतप्रेमी
विषय निघालाच आहे तर, विमानात भरीत नेता येतं का? मागे चेक-इन बॅगेत डबा टाकला होता. तेल सुटून मेव्हण्याच्या लग्नाचा सदरा हिरवट पिवळा.

रावेरकर
मानेचा त्रास नाहीये हो. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी खाली मान घालून राहायला सांगितलंय, रात्री पालथं झोपायला. एक तास की सव्वा तास, एवढंच विचारतोय.

यावलची सून
थांबा, तिकीट काढू नका. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस भरलाय का? सासऱ्यांचं असंच होतं. विमानात हवेचा दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. त्याने गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, नजर कायमची जाऊ शकते. तास असो की वीस मिनिटं. गॅस विरायला प्रकाराप्रमाणे दोन आठवड्यांपासून दोन महिने लागतात. गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरलं असेल तर तेवढी अडचण नसते.

तापीकाठ
एटीआर फार उंच जात नाही पण.

यावलची सून
दादा, बाहेर किती उंच हा प्रश्नच नाही, आतला दाब कमी होतो. रस्त्याने यायला पुणे 560 मीटर, जळगाव 200, एकंदर उतारच. तरी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

रावेरकर
बाबांच्या मनगटावर हिरवी पट्टी आहे. नर्स म्हणाली होती काढू नका. आम्हाला वाटलं वॉर्डचा नंबर असेल. आत्ता चष्मा लावून वाचली, बारीक इंग्रजीत गॅसचंच लिहिलंय, विमानप्रवास नको म्हणून. डॉक्टरांना फोन लावतोय. केळीबाग, महाराष्ट्रला खालचा बर्थ मिळेल का हो?

केळीबाग
ज्येष्ठ नागरिक म्हणून टाका, मिळून जाईल.

भरीतप्रेमी
भरिताचं कोणीच सांगितलं नाही.