सल्ला हवा: कॉन्टेसाला रोल केज, बजेट ४० हजार

जालना_ड्रॅगर: नमस्कार मंडळी. काकांची कॉन्टेसा १.८ जीएलएक्स आहे, इसुझू इंजिनवाली. रोडवर काढायची नाही, ट्रेलरवर न्यायची आन ड्रॅग रेसमध्ये पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ पळवायची. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आतून पाईपांचा पिंजरा टाकायचाय. पाईप, वेल्डिंग, रंग धरून ४० हजार. अंबडकडं उसाच्या ट्रॉल्या बनवणारा दोस्त आहे, तो करतो म्हणतोय. पाईप कोणता घ्यावा?

वाळूजचा_भाऊ: ट्रॉलीवाल्याकडं अजिबात जाऊ नका. मी जिप्सीला पुण्यात करून घेतला, सव्वा लाख गेले, पण काम एक नंबर. बजेट वाढवा.

जालना_ड्रॅगर: भाऊ, ४० लिहिलंय वर.

वेल्डर_लातूर: पाईप सीमलेस (बिनशिवणीचा) घ्या, कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंड ओढून बनवलेला. ईआरडब्ल्यूला, म्हणजे पत्रा वळवून जोडलेल्या पाईपाला शिवण असते, वाकवताना शिवण बाहेरच्या अंगाला आली की उकलायची भीती. एफआयए या जागतिक मोटर रेस संस्थेच्या नियमात मेन हूपला (ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य कमानीला) ४५ बाय २.५ मिमी, म्हणजे व्यास बाय जाडी, नाहीतर ५० बाय २, बाकीला ३८ बाय २.५ चालतो. जीआय (जस्ताचा थर दिलेला पाईप) तर हातात धरू नका. जस्ताचा धूर छातीत जातो आन सांधा फुसका होतो.

नांदेड_२६: जालन्यात राहून पाईप विचारायलाव? गावभर स्टीलच्या मिला हायत की.

वेल्डर_लातूर: त्या सळईच्या मिला हायत मालक. गाडीत स्लॅब टाकायचाय का?

परभणीकर: कॉन्टेसाच चुकीची. पद्मिनी घ्या. हलकी, तिलाबी ताकद मागच्याच चाकाला.

नांदेड_२६: पद्मिनी ड्रॅगला? तवर आम्ही चहा पिऊन येतो.

परभणीकर: आमच्या वडिलांनी तिच्यावर चार लेकरं शिकवली. तोंड सांभाळून.

स्क्रुटिनी_काका: मुद्द्यावर या. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेस संस्थेच्या नियमानं जुनी गाडी पाव मैल ११.४९ सेकंदात किंवा त्याआत गेली तर रोल बार (नुसती मागची कमान आन तिचे टेके) लागतो, ९.९९ किंवा त्याआत गेली तर पूर्ण केज. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी कॉन्टेसा १५ च्या आत यायची मुश्कील, मग एवढं लोखंड कशाला? आपल्याकडं एफएमएससीआय या मोटर रेस संघटनेच्या स्पर्धेत उतरणार असाल तर आधी त्या स्पर्धेचं नियमपत्रक मागवा, मग पाईप कापा. उलटं केलं की स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत गाडी बाहेर.

जालना_ड्रॅगर: स्टॉक राहणार नाही काका. टर्बो बसवायलोय. त्याचा धागा वेगळा काढतो.

एट_हंड्रेड_बीड: माझ्या गाडीला एका वर्कशॉपनं हूप थेट फ्लोअरच्या पत्र्यावर चिकटवला. खाली प्लेट नाही, काही नाही. जॅक लावला तर हूपचा पाय पत्रा फाडून खाली! पैसे मागितले तर म्हणे गाडीच जुनी. तुम्हीच सांगा.

वेल्डर_लातूर: बीडवाल्यांचं खरं हाय. कॉन्टेसाला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार पत्र्यावर. पायाखाली किमान ३ मिमीची प्लेट, १२० चौरस सेंमी, आन ती सिलवर (दाराखालच्या पट्टीवर) चढवून घ्या. गंज असंल तिथला पत्रा आधी बदला. दुसरी गोम छताची. हूप छताला चिकटून बसतो, वरच्या बाजूनं वेल्डिंगची टॉर्च जातच नाही, मग लोक अर्धाच सांधा मारतात. पाय येतात तिथं फ्लोअरला भोकं पाडा, केज खाली उतरवा, वरचे सांधे चहूबाजूनं पूर्ण करा, मग वर उचलून भोकांवर प्लेटा वेल्ड करा. बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी काढा, मागचं सीट आन कार्पेट बाहेर.

वाळूजचा_भाऊ: मी आधीच म्हणलो, पुण्यात करा.

आरटीओ_एजंट_२३: रोडवर खरंच काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, बदल केलेली गाडी पकडली तर केज कापून काढावा लागंल. शिवाय बिनहेल्मेटचं डोकं पाईपावर आपटलं तर बिनकेजची गाडी बरी. फोमबी पाईपाला गुंडाळायचा मऊ काळा नको, एसएफआय ४५.१ या सुरक्षा मानकाचा कडक येतो तो लावा.

नांदेड_२६: तेच म्हणणार होतो. पाईप सीमलेस घ्या.

जालना_ड्रॅगर: सगळ्यांचे आभार. ठरलं. ४५ बाय २.५ सीमलेस पुण्याहून मागवला, त्यातच बजेटचा मोठा घास गेला. वाकवायचं काम वाळूजला डायवाल्या मशीनवर. वेल्डिंग मात्र अंबडच्या दोस्ताकडंच. त्याच्या ट्रॉल्या दुप्पट ऊस भरून कारखान्याला जातात, सांधा उकललेला मी पाहिला नाही. लातूरकरांची भोकांची आयडिया त्याला दाखवली, लगेच म्हणला, आण गाडी.

वाळूजचा_भाऊ: मग विचारलंत कशाला?

परभणीकर: मागचं सीट विकायचं असंल तर सांगा. फाटलेलं नाही ना?