झेनमध्ये एस्टीमचं १.३ इंजिन, साठ हजारांत: करावं की करू नये?

घाटवळण (धागाकर्ता)

बाबांची १९९७ ची मारुती झेन आहे, कार्ब्युरेटरवाली, एमएच-१२ पासिंग. गाडी कायम पार्किंगच्या छपराखाली उभी राहिली, त्यामुळे पत्रा ठणठणीत, खाली कुठे गंज नाही. इंजिन मात्र थकलंय. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पितं आणि सकाळी सुरू केलं की निळा धूर. खंबाटकी घाटात चौघं बसलो आणि एसी लावला की दुसरा गिअर आणि मागे टेम्पोवाल्याचा हॉर्न, हे ठरलेलं.

गॅरेजवाला म्हणतो, इंजिन बांधायला ४०,००० लागतील. त्याच आठवड्यात एका भंगारवाल्याकडे २००३ च्या मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन दिसलं. वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) सगळं धरून २८,००० सांगतोय. बसवायला वगैरे धरून साठाच्या आत काम व्हावं. म्हणजे ४० घालून तेच जुने ५० हॉर्सपॉवर परत आणायचे, की आणखी २० टाकून ८५ घ्यायचे?

माझं मत झालेलंच आहे. जुनी गाडी आजच्या रस्त्यावर वापरात राहावी असं वाटत असेल तर तिला मोठं इंजिन द्यायलाच हवं, नाहीतर ती पार्किंगमध्येच मरते. विरोध असेल तर जरूर करा, पण कारण सांगून करा. ‘आहे ते बरं आहे’ हे घरी रोज ऐकतो.

कार्बवाले_काका

कारण हवंय ना, घे. इंजिन बदलायच्या कामात सगळ्यात स्वस्त काय असेल तर ते इंजिन.

तुझ्या झेनचा पेट्रोल पंप इंजिनवरच आहे, कॅमच्या धक्क्यावर चालतो. एमपीएफआयला टाकीपाशी इलेक्ट्रिक पंप लागतो, प्रेशर सहन करणारे पाइप लागतात, उरलेलं पेट्रोल टाकीत परत न्यायला वेगळी लाइन लागते. म्हणजे टाकी उतरव. रेडिएटर मोठा हवा, क्लच प्लेट बदलायची, सायलेन्सरचा पुढचा पाइप नव्याने वाकवून घ्यायचा. आणि ‘वायरिंगसकट’ म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघून ये. भंगारवाला प्लग हळूच काढत बसत नाही, कटर मारतो. मग तुझा इलेक्ट्रिशियन पांढऱ्यावर निळी रेघ कुठली आणि निळ्यावर पांढरी कुठली हे टॉर्च लावून शोधणार, रोजावर.

साठ हजारांचं काम नव्वदला जातं आणि तेव्हा गाडी जॅकवर असते. परत फिरायची सोय नसते.

उद्यमनगरकर

काका, एमपीएफआयबद्दल बोललासा ते खरं. पण एमपीएफआय पाहिजेच कशाला?

झेनचं आणि एस्टीमचं इंजिन सख्खी भावंडं, दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली. झेनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६१, चार सिलिंडर, झालं ९९३ सीसी. एस्टीमचा बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, झालं १२९८. झेनचाच गिअरबॉक्स पाठीमागं बसतोय. म्हणून तर लोकं हा उद्योग झेनवर करत्यात. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, तिथं खरी कुस्ती.

तेव्हा भावा, एमपीएफआय यायच्या आधीच्या एस्टीमचं बघ. कार्ब्युरेटरवालं, ८ व्हॉल्व्हचं, ६५ हॉर्सपॉवर. ईसीएम नाही, टाकी उतरवायची नाही, वायरी चार. काकांची निम्मी यादी इथंच खलास. पाऊण टनाच्या गाडीला ६५ बी लई होत्यात. माउंटिंगचं ब्रॅकेट आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी माप दिलंस तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातात.

नियमावर_बोट

तांत्रिक बाजू तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो, कारण हे लोक शेवटी विचारतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच जातीचं, त्याच क्षमतेचं इंजिन बदलून नंबर आरसीवर चढवून घेणं ही एक गोष्ट. ९९३ च्या जागी १२९८ ही दुसरी.

तुमची गाडी १९९७ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी रिपासिंग. निरीक्षक बोनेट उघडायला लावतो, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि इंजिन नंबर ताडून बघतो. तिथे काय सांगणार?

तिसरा_गिअर

म्हणजे कंपनीने केलं तर प्रगती आणि आम्ही केलं तर कलम!

मारुतीने स्वतः याच झेनच्या बोनेटखाली प्यूजोचं १५२७ सीसी डिझेल इंजिन बसवून ‘झेन डी’ विकली. काँटेसा १४८९ सीसीच्या जुनाट इंजिनावर कण्हत होती, इसुझुचं १.८ बसल्यावर लोक तिला गाडी म्हणायला लागले. तेच इंजिन पुढे अँबॅसेडरमध्ये गेलं. आणि आमच्या सातारा भागातली वडापं आठवा. जुन्या पेट्रोल जीपा, आत कुठलंतरी डिझेल इंजिन, बाहेर सोळा माणसं. अर्ध्या तालुक्याच्या लग्नाला वऱ्हाड त्यातूनच गेलंय. तेव्हा कोणी कलम ५२ काढलं नाही.

कार्बवाले_काका

वडापाचं उदाहरण सुरक्षिततेच्या चर्चेत देतोस, धन्य आहे.

झेन डीमध्ये इंजिन मोठं होतं, पण ताकद साधारण पेट्रोलच्या आसपासचीच, आणि पुढच्या वाढलेल्या वजनाचा हिशेब कंपनीने करून दिलेला होता. अशा गाड्या चाचण्या देऊन रस्त्यावर येतात. पुण्यातले लोक सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातात तिला ‘एआरएआय टेकडी’ का म्हणतात, विचार कधीतरी. तिथे एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे, असली कामं तिथे चालतात. तुझ्या गॅरेजात चाचणी म्हणजे ‘एक राउंड मारून या साहेब’.

आंबेनळी

मी हे करून बसलोय, म्हणून लिहितो. २०११ ची गोष्ट. झेन, कार्ब्युरेटरवालं १.३, म्हणजे उद्यमनगरकर म्हणतात तेच. गाडी अशी पळायची की विचारू नका. तिसऱ्या गिअरमध्ये पसरणी घाट चढायची, एसी लावून. खर्च तेव्हाचा बावन्न हजार. ब्रेक होते तेच ठेवले, कारण पैसे संपले होते.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो, चौघं, मागे सामान. आठ-दहा वळणांनंतर जळक्या रबरासारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग एका वळणावर पेडल दाबलं तर ते निम्म्यापर्यंत असं गेलं, जसं ओल्या फडक्यावर पाय ठेवलाय. दुसऱ्यांदा दाबलं, आणखी खाली. हँडब्रेक ओढला, दुसऱ्यात टाकली, गिअर किंचाळला, आणि गाडी कठड्याच्या आतल्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून थांबली. कोणाला काही झालं नाही. मित्राने बाटलीतलं पाणी पुढच्या चाकावर ओतलं तर तव्यावर पडावं तसं चर्र झालं. तो आवाज अजून कानात आहे.

इंजिन गाडी थांबवत नाही, एवढंच.

उद्यमनगरकर

राग मानू नका, पण ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललेलं?

आंबेनळी

...आठवत नाही. घेतल्यापासून नसेल.

उद्यमनगरकर

मग! त्यात पाणी शिरलेलं असणार, उकळलं असणार. मूळ इंजिन असतं तरी त्या घाटात ह्योच कार्यक्रम झाला असता. आणि उतारावर वरचा गिअर ठेवला असणार. १.३ ला कशाला फाशी?

आंबेनळी

चौथ्यात होतो, कबूल. पण मूळ इंजिनावर मी वळणात त्या वेगाने शिरलोच नसतो. सरळ तुकड्यात गाडी भरकन वेग घ्यायची, मग वळणाआधी दाबून मारायचा ब्रेक, परत पुढच्या तुकड्यात तेच. ब्रेक तापवले मी, पण तसं चालवायची चटक मला त्या इंजिनाने लावली. आज केलं तर एस्टीमचे पुढचे ब्रेक आधी आणि इंजिन नंतर. आणि मग बजेट साठ राहत नाही.

सरळ_हिशेब

लाखभरात चालू वॅगनआर मिळते. विषय संपला.

सुधागडची_लेक

विषय संपला नाही. गाडी बाबांची आहे, हे तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरलं?

पण घाटवळण, मला तुमचंही पटत नाही. माझ्याकडे आईची झेन आहे, १९९९ ची. ६१ चा स्ट्रोक म्हणजे आखूड, म्हणून हे इंजिन खालून ओढत नाही. पण चार हजारांच्या वर नेलं की गायला लागतं. झेन म्हणजे तोच आवाज. तुम्ही गाडी खालच्या आरपीएमला चालवत असाल आणि वर इंजिन थकलेलं, मग खंबाटकी जड जाणारच. बाबांची गाडी टिकवायची म्हणता आणि तिचं इंजिन भंगारात देणार. मग बाबांचं उरलं काय त्यात, डॅशबोर्डवरचा गणपती?

लेस्टरचा_पाटील

गंमत म्हणून सांगतो. इथे यूकेत २०२५ पर्यंत बदललेली गाडी तिची मूळ ओळख राखते की नाही हे गुणांवर ठरायचं. चेसिस किंवा बॉडीशेलला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. चेसिसच्या ५ सह ८ जमले की नंबर तोच राहायचा. इंजिन बदललं की डीव्हीएलएला (इथलं आरटीओ म्हणा) कळवायचं, आणि इन्शुरन्सवाल्यालाही, तो प्रीमियम वाढवतो. म्हणजे सरकारच्या लेखी गाडीत इंजिनाचं मोल चौदात एक होतं!

तिसरा_गिअर

बघा, नियम असावा तर असा. बदल करा, सांगा, तपासून घ्या. आपल्याकडे सांगायची सोयच नाही म्हणून सगळे गुपचूप करतात.

नियमावर_बोट

या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. सीएनजी किटला, बॅटरीवर नेण्याला कायद्यात वाट आहे, पण पेट्रोलच्या जागी मोठं पेट्रोल इंजिन याला नाही. पण वाट नाही म्हणून भिंतीवरून उडी मारली तर पाय आपलाच मोडतो. अपघात झाला आणि आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत.

कार्बवाले_काका

इतकी चर्चा झाली, एक प्रश्न कोणी विचारला नाही. घाटवळण, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलंस का? की गॅरेजवाला म्हणाला ‘गेलं’ आणि तू म्हणालास ‘गेलं’?

घाटवळण

पाच दिवसांनी लिहितोय, माफी.

काका, नव्हतं घेतलं. दुसऱ्या मेकॅनिककडे घेतलं. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून: १७२, १७०, १०५, १६८ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं तर १५० वर गेलं. तो म्हणाला, व्हॉल्व्ह नाही, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि मुख्य म्हणजे एकाच सिलिंडरच्या. बाकीचे तीन म्हातारे आहेत, पण चालते आहेत.

तरी मी भंगारवाल्याकडे गेलो, खोटं कशाला बोलू. कार्बवालं मिळतंय का तेही विचारलं, नव्हतं. एमपीएफआयचं वायरिंग काकांनी सांगितलं तसंच, डॅशकडची टोकं कापलेली, वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला. ते चाललं असतं. पण ब्लॉकवर जिथे इंजिन नंबर असतो तिथे हात फिरवला तर गुळगुळीत. ग्राइंडर फिरवलेला, वरून काळा स्प्रे. मी विचारलं, तर म्हणाला, ‘साहेब, नंबर आपण टाकून देऊ, तुमचा कुठला पाहिजे?’

चहासुद्धा न पिता निघालो.

तर बाबांचंच इंजिन बांधतोय. माझं मत बदललेलं नाही. कागदपत्रं असलेलं १.३, वर ब्रेक, आणि नियमावर_बोट म्हणतात तशी वाट असती, तर केलं असतं.

उद्यमनगरकर

कागदवालं घावलं तर इथंच सांगतो. तोवर ब्लॉक चांगल्या लेथवाल्याकडं दे, बोअर मापून घे. घासलेला असला तर बोअर वाढवून मोठा पिस्टन घालायचा, पहिलं ओव्हरसाइझ ०.२५ मिमी, नाहीतर ०.५०.

घाटवळण

मापून झालं. तिसऱ्यात ओरखडे आहेत, चारही ०.५० करायला सांगितलेत. म्हणजे बोअर ७२.५. घरी येऊन हिशेब केला, ९९३ चं १००७ होतंय. मोठं इंजिन बसलंच म्हणा ना!

नियमावर_बोट

१४ सीसीसाठी मी तक्रार करणार नाही.

कार्बवाले_काका

पिस्टन नवे, रिंगा नव्या. पहिले हजार किलोमीटर साठाच्या वर नेऊ नकोस, एकाच वेगात ताणू नकोस, आणि हजाराला ऑइल बदल. आणि आंबेनळीचं ऐकून ब्रेक ऑइलही बदल, शंभर-दोनशेचं काम आहे.