धंदा डोक्यातून कागदावर कसा उतरवलात? थकून गेलेल्यांनी अनुभव लिहा

मंडळी, मागच्या आठवड्यात जुन्या मैत्रिणीचा फोन आला, सहा वर्षं चालवलेला शिवणकामाचा व्यवसाय बंद करावा म्हणतेय म्हणाली. मला वाटलं ऑर्डरी नसतील, तर कसलं काय, ऑर्डरी घेववत नाहीत इतक्या आहेत. म्हणे, "अगं फोन वाजला की पोटात गोळा येतो." चार वर्षांपूर्वी मी नवऱ्याला अगदी हेच म्हटलं होतं, म्हणून हा धागा.

माझा लहानसा छापखाना आहे, माझ्यासकट पाच माणसं. तेव्हा सकाळी आठला शटर उघडायचं ते रात्री दहाला बंद, आणि रविवार अख्खा झोपून काढला तरी सोमवारी अंग तसंच जड. त्याहून वाईट म्हणजे कामाचाच वीट आला होता, गिऱ्हाईक दारात दिसलं की हा कशाला आला आता असं व्हायचं, आणि मग रात्री आपण इतके वाईट कधीपासून झालो म्हणून रडू. याला बर्नआउट म्हणतात हे नंतर कळलं. फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली त्यावर लिहिलं, आणि ते स्वतःच दिवसभर स्वतःचे पेशंट बघून रात्री मोफत दवाखान्यात काम करून करून असे गळून गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून त्याची नोंद घेतली, त्यात तीन खुणा दिल्यात: शक्ती संपणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याच्यानं काही धड होत नाही असं वाटणं. माझ्या तिन्हीच्या तिन्ही.

फुटले कधी, तर २००० माहितीपत्रकं १३० जीएसएमऐवजी १७० वर छापून झाली तेव्हा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जड). कागद बदलायचाय हे गिऱ्हाइकानं मला फोनवर सांगितलं होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मशीनवाल्या दादांवर ओरडले आणि ओरडता ओरडताच लक्षात आलं की त्यांना कळणार कुठून?

दुसऱ्या दिवशी एक वही घेतली आणि कुणी काही विचारायला आलं की एक रेघ. संध्याकाळपर्यंत ६३ रेघा. त्यातले चाळीसेक प्रश्न तेच ते पाच-सहा होते, कागद कुठला, किती कॉपी, प्रूफ (छपाईआधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना) पास झालं का, ॲडव्हान्स आलाय का, कधी देतो म्हणून सांगू. मग प्रत्येक कामाला एक मोठा लिफाफा सुरू केला, त्यावर हेच रकाने छापून घेतले, छापखाना आपलाच आहे. आत प्रूफ, तेही गिऱ्हाइकाच्या सहीचं. लिफाफा पूर्ण भरल्याशिवाय काम मशीनवर चढणार नाही असा नियम केला आणि पहिल्याच आठवड्यात दादांनी माझाच लिफाफा माझ्या हातात परत ठेवला, "ताई, जीएसएम राहिलं." असा राग आला म्हणून सांगू. पण दोन-तीन महिन्यांनी परत रेघा मारल्या तर १९.

तुम्ही काय केलंत ते लिहा. फसलेलं असेल तर आधी ते लिहा. सकाळी पाचला उठा वगैरे सल्ले कृपया नकोत.

* * *

मी वेबसाइटी बनवतो, मी आणि एक पार्टनर. आमचा घोळ असा होता की सगळ्यांना हो म्हणायचो आणि सगळ्यांचंच थोडं थोडं करत बसायचो, सकाळी याचं होमपेज, दुपारी त्याचा फॉर्म, रात्री तिसऱ्याचा फोन, संपत काहीच नव्हतं. कॉलेजात लिटलचा नियम म्हणून एक शिकलो होतो, १९६१ मध्ये सिद्ध झालेला, तो इतक्या वर्षांनी उपयोगी पडला. हातात १२ कामं आणि आठवड्याला सरासरी ३ संपत असतील तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागणारच, तुम्ही कितीही जीव काढा. आणि मी प्रत्येकाला "आठवडाभरात करतो" सांगत होतो! म्हणजे रोजची बोलणी मी स्वतःच बुक करून ठेवली होती.

आता भिंतीवर चार चौकोन आहेत. चारच कामं चालू, बाकीची रांगेत, रांगेतल्याला काम सुरू कधी होणार ती तारीख सांगायची. रांग काही जादूनं कमी झाली नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण सुरू झालेलं काम नऊ-दहा दिवसांत हातावेगळं होतं आणि मधे कुणी "कुठपर्यंत आलं" विचारत नाही. दोन क्लायंट तारीख ऐकून निघून गेले. एक परत आला.

* * *

माझं एकच, धंद्याचा नंबर वेगळा केला आणि सात वाजता तो फोन ड्रॉवरमध्ये. पहिले पंधरा दिवस ड्रॉवर उघडून बघायचे, खोटं कशाला बोलू. पण खरंच रात्री अडलेलं असं एकही काम निघालं नाही.

* * *

फर्निचरचं वर्कशॉप आहे. वरच्या लोकांनी कामाच्या गोंधळाचं लिहिलंय, माझा गोंधळ पैशाचा होता आणि मला वाटतं खरी झोप तोच उडवतो, काम नाही. घरचं आणि धंद्याचं एकच खातं. प्लायवूड आणलं त्यातून, मुलाची फी त्यातून, त्यामुळे खात्यात पैसे दिसले की बरं चाललंय आणि नाही दिसले की बुडालो, दिवसातून दहा वेळा मोबाइलवर बॅलन्स बघायचो. कामगारांना वेळेवर पगार आणि मला मात्र उरलं तर. तीन वर्षं मी नक्की किती कमावले ते मला आजही सांगता येणार नाही.

बायकोनं एक दिवस जुनी डायरी आणि बिलबुक समोरासमोर ठेवून टिका मारल्या. तीन कामं अशी निघाली की फिटिंग होऊन महिने झाले आणि बिलच केलेलं नाही. बुडवलं कुणी नव्हतं, मी मागितलेच नव्हते! कारण रात्री दमून आल्यावर बिल कोण करणार.

मग दोन खाती. धंद्याच्या खात्यातून दर १ तारखेला मला ठरलेला पगार, आधी लहानच ठेवला, चांगला महिना गेला तरी तेवढाच. पैसे घ्यायचे टप्पे कोटेशनवरच लिहिलेले, ५० टक्के आधी, ४० माल पोचताना, १० फिटिंगनंतर, आणि पहिले ५० आल्याशिवाय प्लाय कापायचा नाही. ओळखीच्यांनासुद्धा. ओळखीच्यांनाच मुख्यतः. शुक्रवारी दुपारी दोननंतर मी करवतीला हात लावत नाही, बिलं, राहिलेल्या पैशांचे फोन, पुढच्या आठवड्याचं सामान, बस. पोरं आधी हसायची की मालक शुक्रवारी साहेब होतो म्हणून. बॅलन्स आता आठवड्यातून एकदाच बघतो.

* * *

मी फसलेला अनुभव लिहिते, मागितलाय म्हणून. थकले होते तेव्हा मला सिस्टिम लावायचा झटका आला. ॲप घेतलं, त्यात सहा रंगांची लेबलं, मग ते दुसऱ्या ॲपला जोडायचं, मग ४० पानांचं काम करायची पद्धत असं डॉक्युमेंट रात्री जागून लिहिलं. स्टाफ तीन जण. कुणीही वाचलं नाही. मीही परत उघडलं नाही, आज लिहिताना आठवलं. उलट ॲपमध्ये लाल झालेली कामं बघून आणखी धडधडायचं.

ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात ती सर्जरीची चेकलिस्ट, २००८ मध्ये आलेली, त्यात फक्त १९ गोष्टी आहेत हे कळल्यावर माझी मलाच लाज वाटली, माणसाचं पोट फाडायला १९ आणि माझ्या पार्सल पॅकिंगला ४० पानं. आता पद्धत मी लिहीतच नाही. नवीन मुलगी आली की तिला म्हणते शिकताना तूच लिही, एका कागदावर, तुझ्या शब्दांत. तिला जिथे अडतं ते मला कधी दिसलंच नसतं, उदाहरणार्थ तिनं लिहिलं "टेप लावायच्या आधी पत्ता परत वाच, नंतर वाचून उपयोग नाही". हा कागद टेबलाच्या वरच चिकटवलाय आणि त्याच्या कडा आता काळ्या झाल्यात, म्हणजे वापरतात.

* * *

एक वेगळं सांगायचंय. मी हे सगळं केलं, खातं वेगळं, सुट्टी, माणूस ठेवला, तरी पहाटे तीनला जाग यायची आणि कशातच मन नव्हतं, धंद्यातच नाही, मुलीबरोबर खेळण्यातसुद्धा. शेवटी डॉक्टरांकडे गेलो, डिप्रेशन निघालं, औषध आणि काउन्सेलिंग दोन्ही चालू झालं. तेव्हा लिफाफे जरूर करा पण सुट्टीतही, घरातही सगळं करडंच दिसत असेल तर आधी डॉक्टर. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

* * *

वरच्या दादांनी लिहिलं ते फार बरं केलं.

माझं दुरुस्तीचं दुकान. मला जड गेलं ते निर्णय सोडणं. लिफाफ्यात माहिती उतरते ताई, पण "आता काय करू" हा प्रश्न तरी माझ्याकडेच यायचा. म्हणून हद्द आखून दिली: खर्च सांगितल्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत वाढत असेल तर तुम्हीच गिऱ्हाइकाला फोन करून होकार घ्या, मला विचारू नका, त्याच्या वर गेला तर विचारा. पार्ट मिळणार नसेल तर त्याच दिवशी कळवा, उद्यावर नाही. मग मुद्दाम चार दिवस गावाला गेलो, फोन बंद. परत आलो तर सात निर्णय त्यांनी घेतलेले. मी असतो तर पाच तसेच घेतले असते, एक माझ्यापेक्षा बरा होता, आणि एक मॉनिटर उगाच फुकट दुरुस्त करून दिला होता. त्या मॉनिटरवरून काही बोललो नाही, बोलायला जीभ फार वळवळली पण गिळलं. बोललो असतो तर पोरं परत सगळं विचारायला लागली असती.

* * *

धागा काढणारी मीच परत. मैत्रिणीला हे सगळं वाचून दाखवलं, वर्कशॉपवाल्यांचं बिलाचं ऐकून ती गप्प झाली, तिचंही तेच असणार. काल तिनं दिवसभर रेघा मारल्या. ७८. त्यातल्या ३१ एकाच प्रश्नाच्या: "याला अस्तर कुठलं?" आज सकाळपासून मापाच्या कागदालाच अस्तराचा तुकडा टाचतेय. दुपारी फोन करून म्हणाली टाचण्या संपल्या.