मदत हवी आहे: कुराण निर्मित की अनादी?

मुअतझिला (तर्कबुद्धीला प्राधान्य देणारे) आणि अशअरी या इस्लामी धर्मशास्त्रातल्या दोन पंथांचा वाद वाचतेय आणि एका जागी अडकलेय. ईश्वराची वाणी अनादी मानली तर त्याच्यासोबत दुसरंही काही अनादी ठरतं, म्हणून मुअतझिला कुराणाला निर्मित म्हणत. इथवर कळलं. खलिफा अल-मामूनने ८३३ मध्ये हेच मत काझींवर लादलं. कुराण निर्मित नाही असं मानणारे धर्मपंडित अहमद इब्न हनबल यांनी तुरुंग आणि फटके सोसले, पण मान तुकवली नाही. (बुद्धिवाद्यांच्या बाजूने चाबूक, कमालच!)

माझी गाडी अडते ती अशअरींपाशी. शाई, कागद, पठणाचा आवाज निर्मित. ईश्वराच्या ठायी असलेला अर्थ मात्र अनादी, असं ते म्हणतात. मग अरबी शब्द कुठल्या बाजूला धरायचे? आणि हनबलींना (इब्न हनबल यांच्या अनुयायांना) ही फोड का पटली नाही? कुणी सोपं करून सांगेल का?