मदत हवी आहे : बंद झालेली मुक्कामाची एसटी परत कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. रात्री गावात थांबून सकाळी सुटणारी मुक्कामाची गाडी गेल्या पावसाळ्यात बंद झाली ती झालीच. आगारात विचारलं तर उत्तर एकच, "तुमच्याकडे माणसंच नाहीत."

माणसं कमी झाली हे खरं आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ भरली. पण ती मोजणी फेब्रुवारीतली. गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात भरलेली घरं त्यात कुठे दिसतात? आणि मागे राहिलेत ते बहुतेक म्हातारे, ज्यांना गाडी सगळ्यात जास्त लागते. माझी आई ७४ वर्षांची. मधुमेहाच्या गोळ्या आणायला पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या माळावरच्या, फाट्यापर्यंत जाते, वाटेत तीनदा दगडी गडग्यावर टेकते. रोजची रिक्षा परवडत नाही.

तुमच्यापैकी कुणी बंद झालेली फेरी परत सुरू करून घेतली आहे का? ग्रामसभेचा ठराव पुरतो का, की सोबत प्रवाशांची यादी, शाळेचं पत्रही लागतं? वाडीवार लोकसंख्येचा दाखला ग्रामपंचायत देते का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका. शाळा सुरू व्हायच्या आत अर्ज द्यायचा आहे.